कॉलेजवर माया आहे, पण ती पोरांपर्यंत पोहोचवायची कशी? माजी विद्यार्थी संघाचं काम समजून घ्या

दिवाळी झाली की तालुक्याच्या कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, वीस-पंचवीस वर्षांनी वर्गमित्र भेटतात, जुन्या सरांना शाल-श्रीफळ दिलं जातं, जेवण होतं, फोटो निघतात. आठ दिवसांत ग्रुप शांत. कॉलेजवरची माया खोटी नसते. पण आज त्याच बाकावर बसणाऱ्या पोराला तिचा उपयोग होत नाही.

ही माया येते कुठून?

खेड्यातल्या अनेकांसाठी कॉलेज म्हणजे घरातली पहिली पदवी. ती पदरात पडली, कारण कुणीतरी आधी झीज सोसली होती. सातारा जिल्हा याचं ठळक उदाहरण. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. पोरांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. 'कमवा आणि शिका' योजनेत पोरं शेतात, बांधकामावर राबायची आणि शिकायची. स्वतःच्या घामाचं कॉलेज कोण विसरेल? कर्मवीरांच्या हाताखाली घडलेले पी. जी. पाटील परदेशात जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन रयतच्याच कामाला लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आज अडतंय कुठं?

परीक्षा फॉर्मची फी, मेसचे पैसे, एसटीचा पास. रक्कम छोटी असते, पण पीक हातचं गेलं त्या वर्षी तेवढ्यावरच शिक्षण सुटतं. मुलगी असेल तर आधी तिचंच सुटतं. पन्नास जणांच्या बॅचनं वर्षाला प्रत्येकी ५०० रुपये काढले तरी २५ हजार जमतात. एका मेळाव्याचा मंडप आणि जेवण याहून जास्त खर्चाचं होतं.

पैसे द्यायचे तर रीतसर

एकाच्या फोनवर पैसे गोळा केले की पुढं हिशोबावरून कुरबुरी होतात. त्यापेक्षा माजी विद्यार्थी संघाची नोंदणी करावी. किमान सात सभासद लागतात. नोंदणी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. त्यानंतर संघाच्या नावानं बँक खातं, प्रत्येक देणगीची पावती आणि दरवर्षी हिशोब तपासणी हवी. कॉलेजचा संघ आधीच नोंदलेला असेल तर नवा काढू नये, त्यातच सभासद व्हावं.

आयकर भरणाऱ्यांनी पाहावं की संघाकडे किंवा संस्थेकडे ८०जी ची मान्यता आहे का. असेल तर देणगीवर करात सवलत मिळते. मात्र ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि रोख दिलेले २,००० रुपयांच्या वरचे पैसे त्यात धरत नाहीत. म्हणून बँकेतूनच द्यावेत.

कॉलेजचाही यात फायदा आहे. नॅकचं मूल्यांकन होतं तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा सहभागही तपासला जातो. नोंदणीकृत संघ आहे का आणि त्यानं काय काम केलं, हे विचारतात.

पैसा नसला तरी

पोलीस भरती झालेल्यानं पहाटे मैदानावर पोरांचा सराव घ्यावा. बँकेतल्यानं परीक्षेची तयारी सांगावी. पुण्यात नोकरीला असलेल्यानं गावाकडच्या पोराची मुलाखतीपुरती राहायची सोय करावी. ज्याची रोपवाटिका आहे त्यानं सुट्टीत दोन पोरांना काम द्यावं.

यंदाच्या मेळाव्यात एवढं एक करा. जेवणाआधी प्राचार्यांना विचारा, या वर्षी पैशावाचून कुणाचं अडलंय? नावं जाहीर न करता फक्त आकडा घ्या आणि उठायच्या आत तो वाटून घ्या.