न मिटलेला संप

चळवळ कशी उभी राहते, याविषयी राज्यशास्त्राच्या तासाला आपण पुष्कळ ऐकतो. ती हरल्यावर तिचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः बहुतेक चळवळींच्या वाट्याला पराभवच अधिक येतो. मुंबईच्या गिरणी संपाचे उदाहरण घेऊन हा प्रश्न समजून घेण्याचा मी येथे प्रयत्न करीत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. पण आणखी एक मागणी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. आमचा प्रतिनिधी आम्हीच निवडू, असे कामगारांचे म्हणणे होते. सरकारने ते मानले नाही. मालकांनाही घाई नव्हती. कापडाचे साठे पडून होते आणि भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. दीडेक वर्षात संप विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

पराभवाला चळवळ तीन प्रकारे उत्तर देते, असे या उदाहरणावरून मला वाटते.

पहिला प्रकार म्हणजे पराभव न मानणे. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. माझे आजोबा त्या संपात होते. ‘संप मिटला’ असे ते आजही म्हणत नाहीत. ‘गिरणी सुटली’ एवढेच म्हणतात. या नकारात स्वाभिमान आहे, पण त्याची किंमतही आहे. संप मिळून मागे घेतला असता, तर काही अटी घालून मिळून कामावर जाण्याची संधी तरी राहिली असती. तो न मिटल्यामुळे ज्याला परतायचे होते, तो एकटाच गिरणीच्या फाटकाशी गेला. गावच्या धान्याने संप जगवला हे खरे. परंतु गावोगाव पांगलेल्या माणसांना एकत्र बसून झाल्या गोष्टीचा हिशेब करता आला नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मैदान बदलणे. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असतानाही सामंत मुंबईतून अपक्ष म्हणून निवडून आले. कामगारांनी मतपेटीतून आपले मत नोंदविले. मात्र एका खासदारामुळे गिरणीचा भोंगा पुन्हा वाजू शकला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मागणी बदलणे. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. बंद गिरण्यांतील कामगारांच्या रोजगाराचा व थकलेल्या देण्यांचा प्रश्न तिने हाती घेतला. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्याच जमिनीवर कामगारांना घरे द्या, ही मागणी मुख्य झाली. २०१२ मध्ये घरांची पहिली मोठी सोडत निघाली. अनेक कामगार मात्र घराची वाट पाहतच गेले.

तिन्हींत हा तिसरा मार्गच मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याने म्हाताऱ्या झालेल्या माणसांना पुन्हा मोर्चात एकत्र आणले. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. संप सर्वांचा असतो; सोडतीत प्रत्येक जण आपलेच नाव शोधतो. घराची मागणी पुढे आली आणि प्रतिनिधी निवडण्याच्या हक्काची मागणी मागे पडली.

म्हणून हरलेल्या चळवळीने मागणी लहान जरूर करावी, पण आपण मागे काय सोडले हे लिहून ठेवावे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा एखादा संप, एखादा लढा असेल. तो का हरला, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. नेमके काय मागितले होते, हे आपण विचारावे.