समुद्राला न जाणवलेला पूल

स्वीडनमधल्या माल्मोहून कोपनहेगनला निघालेली आगगाडी समुद्रावरून जवळजवळ आठ किलोमीटर धावते, एका मानवनिर्मित बेटावर उतरते आणि चक्क पाण्याखाली शिरते. समोरच कोपनहेगनचा विमानतळ. तिथे पुलाचे उंच मनोरे विमानांच्या वाटेत आले असते, म्हणून पुढे बोगदा. घर एका देशात आणि नोकरी दुसऱ्या देशात, असं हजारो लोकांना जमू लागलं ते 1 जुलै 2000 रोजी खुल्या झालेल्या या ओरेसुंड पुलामुळे. पण त्याची सगळ्यात मोठी करामत गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

बाल्टिक समुद्राला नद्या सतत गोडं पाणी आणून देतात, म्हणून त्याचं पाणी मचूळ. मीठ आणि प्राणवायू घेऊन येणारं जड पाणी उत्तर समुद्राच्या बाजूने, डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांमधून आत शिरतं. ओरेसुंड ही त्यांतलीच एक. कॉड माशाची अंडी तरंगायला पुरेसं खारं पाणी लागतं. मीठ कमी पडलं की अंडी प्राणवायू नसलेल्या तळाकडे बुडतात आणि मरतात. दोन देशांनी आपल्या सोयीसाठी ही वाट अडवली असती, तर नुकसान बाल्टिककाठच्या नऊ देशांचं होतं.

म्हणून अट घातली गेली ती शून्याची. खांब आणि बेट जेवढा प्रवाह अडवतील, तेवढीच वाट तळ खोदून मोकळी करायची. कमी खोदलं तर मीठ घटेल, जास्त खोदलं तर वाढेल, दोन्ही नको! इंजिनिअरांनी समुद्राचा असा पै-पैचा हिशेब मांडला. उपसलेले दगड-माती त्या बेटाच्या भरावात गेले. शेजारच्या बेटाचं नाव साल्टहोल्म, म्हणजे मिठाचं बेट. म्हणून या नव्या बेटाला नाव मिळालं पेबरहोल्म, मिऱ्यांचं बेट.

पेबरहोल्म निसर्गावर सोडून दिलं. वाऱ्याने आणि पक्ष्यांनी बिया आणल्या. माणसाने रचलेल्या त्या उजाड भरावावर पुढे 500हून अधिक जातींच्या वनस्पतींची नोंद झाली आणि अंगावर हिरवे ठिपके असलेल्या दुर्मीळ बेडकांनीही तिथे घर केलं.

विकास हिरवा व्हायचा, तर निसर्गाचा हिशेब पहिली कुदळ पडण्याआधी मांडावा लागतो. ओरेसुंडला तो मांडला गेला. म्हणूनच वर गाड्या धावतात आणि खाली बाल्टिकचं मीठ आपल्या जुन्या वाटेने आत येत राहतं.