'करमणूक' ते 'ययाति'

१८९० साली ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' मासिकातून छापून आली आणि लंडनच्या टीकाकारांनी तिच्यावर अनीतीचा शिक्का मारला. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात साप्ताहिक काढलं. त्याचं नाव 'करमणूक', आणि आत क्रमशः सुरू झाली यमूची कहाणी, 'पण लक्षात कोण घेतो?'. करमणुकीच्या पानांवरच केशवपनाचं दुःख मांडताना हरिभाऊंना कसलाही संकोच वाटला नाही. वाइल्डवर मात्र १८९५च्या खटल्यात त्याच्याच कादंबरीवरून प्रश्नांची सरबत्ती झाली.

कला कशासाठी, हे भांडण मराठीत पेटलं ते पुढे चाळीसेक वर्षांनी. ना. सी. फडके कलेच्या बाजूनं उभे राहिले, वि. स. खांडेकर जीवनाच्या. खांडेकर १९२० ते १९३८ आमच्याच कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. आम्हा मसुरेकरांना ते म्हणूनच घरचे वाटतात. १९४०च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके, पुढच्याच वर्षी सोलापूरला खांडेकर. मसुरे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं.

इथल्या जत्रेतल्या दशावताराला मात्र या भांडणाचं कधी काही पडलंच नाही. स्त्रीपार्टीचं देखणं रूप डोळे भरून बघणारा माणूस संकासुराच्या वधालाही तितकाच रंगून जातो.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही बाजूंच्या थोर कादंबऱ्यांनी आपापल्या लेखकाचा पक्ष सोडला. पुस्तकाला नीती-अनीती नसते असं प्रस्तावनेत ठासून सांगणारा वाइल्ड शेवटी डोरियनला स्वतःच्याच, त्याच्याऐवजी म्हातारं होत गेलेल्या चित्रावर सुरी चालवायला लावतो. चित्र पुन्हा तरुण होतं आणि जमिनीवरचं सुरकुतलेलं प्रेत नोकर बोटातल्या अंगठ्यांवरून ओळखतात. याहून कडक शिक्षा कुठला नीतिवादी देणार?

उलट खांडेकर. त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांत ध्येयवादी नायकांची भाषणं फार, आणि ती आज वाचवत नाहीत. 'ययाति'त त्यांनी वासनेलाच बोलू दिलं. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडून सांगतात, आणि ययातीचं सुख इतकं मोहक उतरतं की पुरू बापाचं वार्धक्य घेतो तेव्हा वाचकालाही आपण त्यात सामील असल्यासारखं वाटतं. कलावाद्यांना जे हवं होतं, ते इथं जीवनवादी खांडेकरांनी करून दाखवलं. १९५९च्या या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४चं ज्ञानपीठ खांडेकरांना. मराठीतलं ते पहिलं.