मज्जातंतूंची डागडुजी

खो-खोच्या खेळात ‘खो’ हा शब्द कानी पडताच बसलेला गडी उठून धावू लागतो. शब्द कानात शिरतो, मेंदूला त्याचा अर्थ कळतो, मेंदू पायांस आज्ञा करतो आणि पाय हलतात. एवढ्या साऱ्या गोष्टी क्षणार्धात घडून येतात. शरीरातील निरोपांची ही ने-आण मज्जातंतू करतात.

निरोप तंतूंतून किती वेगाने जात असेल? हर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून हा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. माणसाच्या शरीरातील काही तंतूंत निरोप सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो. उलट काही बारीक तंतूंत त्याचा वेग जेमतेम १ मीटर असतो. इतका फरक का पडावा? तंतूची जाडी हे त्याचे एक कारण आहे. परंतु त्याहून मोठे कारण म्हणजे तंतूवरील आवरण होय.

या आवरणास मायलिन म्हणतात. रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८५४ मध्ये ते नाव दिले. मायलिन पांढरे असून त्यात स्निग्ध पदार्थ विपुल असतात. डोक्याला फेटा बांधताना त्याचे वेढे एकावर एक पडतात, त्याप्रमाणे काही विशिष्ट पेशी आपल्या पातळ पापुद्र्याचे वेढे तंतूभोवती घालतात व हे आवरण तयार करतात. त्यांस आवरणपेशी म्हणता येईल. आवरण मात्र सलग नसते. त्यात थोड्या थोड्या अंतरावर उघड्या जागा असतात. विजेच्या लहरीच्या रूपाने जाणारा निरोप एका उघड्या जागेवरून दुसरीवर जणू उड्या घेत जातो आणि म्हणूनच तो इतक्या लवकर पोहोचतो. आवरणपेशी तंतूच्या पोषणासही हातभार लावतात.

हे आवरण नष्ट झाले तर काय होते? मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात तसे घडते. पॅरिस येथील वैद्य झां-मार्तां शार्को याने १८६८ मध्ये या रोगाचे व्यवस्थित वर्णन केले. रोगजंतूंशी लढणारी शरीरातील यंत्रणा या रोगात चुकून मायलिनवरच हल्ला करते. निरोप रेंगाळू लागतात, काही वाटेतच थांबतात. रोग्याची दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात, तोल जातो. तंतू फार काळ उघडा राहिला तर तो अखेरीस मरून जातो. आणि मेलेला तंतू मेंदूला पुन्हा निर्माण करता येत नाही. म्हणून डागडुजी वेळेवर होणे अत्यंत महत्त्वाचे असते.

सुदैवाने अशी डागडुजी निसर्ग स्वतःच करतो. १९६१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मांजराच्या मज्जारज्जूत नष्ट झालेले मायलिन पुन्हा तयार झाल्याचे सूक्ष्मदर्शकातून दाखवून दिले. नवे आवरण पहिल्यापेक्षा पातळ असते, तथापि त्याने काम भागते. पडलेली भिंत पुन्हा उभारावयाची तर प्रथम राडारोडा उचलावा लागतो, नंतर गवंडी जमवावे लागतात आणि मग बांधकाम सुरू होते. मेंदूतील कामाचा क्रमही असाच आहे. सफाई करणाऱ्या पेशी मायलिनचे तुकडे गिळून टाकतात. मेंदूत ठिकठिकाणी असलेल्या राखीव पेशी वाढून तेथे गोळा होतात. त्यांचे आवरणपेशींत रूपांतर होते आणि त्या तंतूंभोवती वेढे घालू लागतात.

वय वाढत जाते तसतशी या कामात ढिलाई येते. सफाई रेंगाळते, आणि साचून राहिलेले तुकडे पुढील कामास अडथळा करतात. राखीव पेशी सावकाश जमतात. जमल्या तरी त्यांचे आवरणपेशींत रूपांतर लवकर होत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. आरंभीच्या काळात झटका ओसरल्यावर पुष्कळ रोगी बरेचसे सावरतात. उतारवयात मात्र हे सावरणे कठीण होते. त्याच्या अनेक कारणांपैकी डागडुजीची मंदगती हे एक आहे.

मग म्हातारपणी या राखीव पेशींचे सामर्थ्यच संपून जाते काय? शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून या प्रश्नाचे उत्तर शोधले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्ध व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडण्यात आले. तरुण उंदराच्या रक्तातील पेशी वृद्ध उंदराच्या शरीरात शिरल्या, त्यांनी सफाईस मदत केली आणि वृद्धाच्या राखीव पेशी जोमाने कामास लागल्या. २०१९ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथील शास्त्रज्ञांस आणखी एक कारण सापडले. वयाबरोबर मेंदूचा मऊपणा कमी होऊन तो काहीसा ताठर बनतो. वृद्ध उंदरांच्या राखीव पेशी त्यांनी तरुण मेंदूइतक्या मऊ पदार्थावर ठेवल्या, तेव्हा त्या तरुण पेशींसारख्या वागू लागल्या. तरुण पेशी ताठर पदार्थावर ठेवताच त्या मात्र वृद्धांसारख्या सुस्त झाल्या! त्याच वर्षी तेथील शास्त्रज्ञांस असेही आढळले की, वृद्ध उंदरांस एक दिवसाआड उपवास घडविला किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दिले, तर मायलिनची डागडुजी पुन्हा चांगली होऊ लागते.

उंदरांत जे घडले ते माणसांत तसेच घडेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. त्यासाठी दीर्घकाळ व सावधपणे पारख करावी लागते. तथापि या प्रयोगांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. वृद्ध मेंदूतील कारागीर नाहीसे झालेले नसतात. साचलेल्या राड्यारोड्यामुळे व ताठर झालेल्या परिसरामुळे ते हात आखडून बसलेले असतात. परिस्थिती अनुकूल करून दिली, तर तेच हात पुन्हा कामाला लागू शकतात. ती अनुकूल कशी करावी, याचाच शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.