तंत्रलेखन : एक दुर्लक्षित व्यवसाय

लेखनावर उपजीविका करावयाची म्हटली कीं आपल्या सुशिक्षित घरांत कथा, कादंबरी किंवा वृत्तपत्र यांपलीकडे कोणाची दृष्टि जात नाहीं. त्यांवर पोट भरणें कठीण, हें ठाऊक असल्यामुळें वडील मंडळी मुलाच्या किंवा मुलीच्या या आवडीकडे काणाडोळा करितात. परंतु यंत्र कसें चालवावें, औषध किती घ्यावें, खत कोठें घालावें, हें जो बिनचूक लिहून देतो त्याच्या लेखनाला आज मोल आहे. मुंबई, पुणें, बंगळूर येथील संगणक-कंपन्यांत ‘टेक्निकल रायटर’ म्हणून पगारी नेमणुका होतात. औषधांच्या व यंत्रांच्या कारखान्यांतही असें काम असतें. त्यास आम्ही तंत्रलेखन म्हणूं. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील तरुणांनीं त्याचा विचार करावा असें आम्हांस वाटतें. कारण त्याची शाळा त्यांच्या बांधावरच आहे.

ठाणें जिल्ह्यांतील हे दोन्ही तालुके भाताचे. राब भाजावा, रोपें वाढवावीं आणि भर पावसांत आवणी करावी, ही येथील जुनी रीत. डॉ. नारायण सावंत यांनीं भातासाठीं जी चारसूत्री पद्धति सांगितली, तिच्यांतील शेवटचीं दोन सूत्रें तंत्रलेखनाचा धडा म्हणून वाचण्यासारखीं आहेत. आवणी दोरीवर करावी. अंतर आळीपाळीनें १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवावें. एका चुडांत दोन-तीनच रोपें लावावीं. त्याच दिवशीं चार चुडांच्या लहान चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. गोळीचें वजन २·७ ग्रॅम असतें, पण आवणी करणाऱ्या बाईस तें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तिनें चौकोन पाहावयाचा आणि गोळी खोचावयाची. वजन कारखान्यांत झालें, अंतर दोरीनें मोजलें. चिखलांत वांकलेल्या हातांस उरली ती एकच सोपी क्रिया. हीच गोष्ट ‘नत्र व स्फुरद यांचें शिफारशीनुसार समान वितरण करावें’ अशी लिहिली असती, तर व्याकरण निर्दोष राहिलें असतें आणि खत पाण्याबरोबर वाहून गेलें असतें.

कागद चुकला तर कधीं कधीं पिकाहून मोठी हानि होते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें औषधाच्या वेष्टनावर विषारीपणाच्या चार पायऱ्या रंगांनीं दाखवितात : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आतां, खाद्यपदार्थांच्या पुड्यावर हिरवा ठिपका ही शाकाहाराची खूण म्हणून आपण रोज पाहतों. तोच रंग विषाच्या डब्यावर दिसला कीं मनुष्य निर्धास्त होणार नाहीं काय? हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्विष नव्हे. सोबतचें माहितीपत्रक प्रादेशिक भाषेंतही द्यावें लागतें, पण बारीक अक्षरांची ती घडी शेतावर कोण उलगडतो? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक माणसें दगावलीं. त्याचीं कारणें अनेक होतीं. सारा दोष माहितीपत्रकांवर ढकलणें अन्यायाचें होईल. तथापि ‘वाऱ्याकडे तोंड करून फवारूं नका’ हें वाक्य कितव्या ओळींत आणि केवढ्या अक्षरांत छापावें, हा प्रश्न शोभेचा नाहीं.

असलें लेखन मराठीला परकें आहे असें मात्र नाहीं. मुरबाडकडून नाणेघाट चढून जावें, तर तेथील लेण्यांत सातवाहनांच्या यज्ञांतील दानाचा हिशेब आंकड्यांसह कोरलेला आहे. गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. दोन हजार वर्षांमागील तो लेखकही ‘पुष्कळ गाई’ एवढें लिहून मोकळा झाला नाहीं! १९२० सालीं निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ नांगर व चरक करणाऱ्या कारखान्याचीच पत्रिका होती. आणि कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें माप देऊन कित्येक नव्या सुनांची ‘अंदाजानें घाल’ या आज्ञेंतून सुटका केली.

शिकावें कसें? पदवीची वाट पाहूं नये. विहिरीवरचा पंप, पाणी गाळण्याचें यंत्र, मोबाइलवरून वीजबिल भरण्याची रीत, असें कांहींतरी घ्यावें, त्याची कृति एका पानावर लिहावी आणि ज्याला ती येत नाहीं त्याच्या हातीं द्यावी. एकत्र कुटुंबाचा लाभ येथें दिसतो. आजीपासून आठवींतल्या पुतण्यापर्यंत सारे परीक्षक घरांतच. लेखकानें जवळ बसून तोंड मिटून पाहावें. हेंच सर्वांत कठीण. काकूंचा हात जेथें थांबला तेथें काकू अडाणी नसून वाक्य अडाणी असतें. तें बदलावें आणि पान दुसऱ्या कोणास द्यावें. अशीं दहा-बारा पानें, पहिल्या व शेवटच्या मसुद्यांसह, मुलाखतीस न्यावीं.

इंग्रजी लागेल, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पगाराचें बहुतेक काम त्या भाषेंत आहे. पण तें इंग्रजी वक्त्याचें नव्हे. विमानांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांसाठीं १९८६ सालीं जी साधी इंग्रजी ठरविण्यांत आली, तिच्या आजच्या कोशांत तांत्रिक नांवें वगळतां सुमारें ९०० शब्द आहेत, आणि कृतीच्या वाक्यांत २० हून अधिक शब्द चालत नाहींत. मराठी शाळेंतून आलेल्या मुलास हें बंधन आधारासारखेंच वाटेल. पुढें औषध, शेती वा संगणक असा एखादा विषय धरून त्यांत खोल जावें. सर्व विषयांवर थोडथोडें लिहिणारा आहे तेथेंच राहतो.

हल्लीं संगणकच क्षणांत मसुदा लिहून देतो, मग या धंद्यांत काय राहिलें, असें विचारणारे भेटतील. ही भीति अगदींच खोटी नाहीं. नुसता मजकूर जुळवून देणाऱ्यानें सावध राहावें. परंतु गोळी सात सेंटिमीटर खोल गेली कीं चिखलावरच राहिली, हें पाहण्यास शेतांत उतरावें लागतें. आसनगावहून लोकलनें रोज मुंबईस जाणाऱ्या तरुणास तें सुटीच्या दिवशीं सहज साधेल. येत्या आवणीच्या वेळीं गोळी खोचण्याची कृति पांच ओळींत लिहावी, कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावा, आणि शेजारच्या खाचरांत ती एकदां वाचून दाखवून पुढें काय होतें तें पाहावें.