कण्याचा जामीनदार

कोल्हापुरात पाठ धरली की माणूस आधी डॉक्टरकडे जात नाही, तालमीत जातो. वस्तादाने तेल लावून पाठ रगडली की निम्मे दुखणे पळाले, अशी आपली श्रद्धा. १९९८ साली आमच्या शाखेतल्या शिपायाने हेच केले. गडी चाळिशीतला, अंगापिंडाने मजबूत. "सायेब, जरा रगडून घेतो, कुठं काय हुतंय!" म्हणायचा. तीन महिने पाठ दुखत होती, रात्री जास्तच. संध्याकाळी अंगात कणकण असे, विजार सैल झाली होती. मार्चअखेर तोंडावर आली म्हणून त्याचा रजेचा अर्ज मी दोनदा परत केला. मग एके सकाळी तो भिंत धरून, पाय ओढत जिना चढताना दिसला. मिरजेला नेल्यावर निदान झाले. मणक्याचा क्षय.

क्षय म्हणजे खोकला, एवढीच माझी समजूत होती. पण हाडासांध्यांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा कण्यातच असतो. जंतू रक्तावाटे मणक्यात पोचतात आणि त्याचा पुढचा भाग पोखरतात. पू साठतो, पण गळू ना लाल, ना गरम. म्हणून संशय येत नाही. पुढची बाजू खचली की कणा वाकतो, पाठीवर कुबड येते आणि मज्जारज्जू दाबला गेला तर पायांतले बळ जाते. इजिप्तच्या ममींतही हे कुबड सापडले आहे. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर आजही त्याला 'पॉटचा आजार' म्हणतात.

औषधे नव्हती तेव्हा मोकळी हवा आणि विश्रांती हाच इलाज. मिरजेजवळची वानलेसवाडी त्याच काळाची आठवण. १९११ मध्ये अमेरिकेत आल्बी यांनी रुग्णाच्याच नडगीचे हाड कण्याला जोडले. १९५६ मध्ये हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी कण्याच्या पुढच्या बाजूने शिरून सडलेले हाड साफ करण्याची व त्या जागी चांगले हाड बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. पण लांब तुकडा नुसता बसवला तर तो घसरतो वा मोडतो, हे आपल्याकडच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. म्हणून त्याला स्क्रू आणि सळ्यांचा आधार आला. जंतू असलेल्या जागी धातू ठेवावा का, ही भीती होतीच. क्षयाचे जंतू धातूला फारसे चिकटत नाहीत, असे जपानी डॉक्टरांनी १९९३ मध्ये नोंदवले आणि ती भीती ओसरली.

आमच्या शिपायाला डॉक्टरांनी हेच सांगितले, पण त्याच्या डोक्यात शिरेना. मग मी बँकेच्या भाषेत सांगितले. "तुझ्याच बरगडीचं हाड काढून मणक्यात भरणार. हे घरातलंच कर्ज. स्क्रू आणि सळ्या म्हणजे जामीनदार. हाड सांधेपर्यंत भार ते सोसतील. पण कर्ज फेडायचं तुलाच."

शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांत तो काठी घेऊन चालू लागला, पाचव्या महिन्यात काठीही सुटली. आणि त्याने गोळ्या बंद केल्या! "आता काय हुतंय, सायेब?" त्याच्या घरी जाऊन मी विचारले, "सोसायटीचं कर्ज निम्मं फेडलं, की सातबारावरचा बोजा उतरतो का रे?" तो गप्प बसला. त्याच्या बायकोने मात्र दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांचा डबा स्वतःकडे घेतला.

ऑपरेशनने क्षय बरा होत नाही. बरा होतो तो औषधांनीच. बहुतेक रुग्णांना तर शस्त्रक्रिया लागतच नाही. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला 'मध्यम मार्ग' हाच: आधी औषधे, आणि पाय लुळे पडू लागले, कणा डळमळीत झाला किंवा औषधांना दाद मिळेना तर सुरी. औषधे मात्र वर्षभर, कधी त्याहून अधिक. ती मध्येच सोडली तर जंतू दाद देईनासे होतात, आणि तिथे जामीनदारही काही करू शकत नाही.

ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपयेही मिळतात. तेव्हा पाठदुखी काही आठवडे हटली नाही, रात्री वाढू लागली, सोबत ताप किंवा वजनात घट असली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. पाय जड वाटू लागले तर एक दिवसही थांबू नका.

आमचा शिपाई आता निवृत्त झाला आहे. सकाळी रंकाळ्यावर भेटतो. "सायेब, पयल्यासारखं वाकता येत न्हाई," म्हणत उभ्यानेच नमस्कार करतो. ते दोन परत केलेले अर्ज मला आठवतात, आणि मान माझीच खाली जाते.