सोसायटीतील आगीची घंटा : बंद करण्याआधी फलक पाहा

मध्यरात्री सोसायटीत आगीची घंटा वाजू लागली, की पहिला हात जातो तो ती बंद करणाऱ्या बटणाकडे. नेमकी हीच घाई जिवावर बेतू शकते.

धूर टिपणाऱ्या यंत्रात प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले, की प्रकाश विखुरतो आणि घंटा वाजते. मात्र धूर, धूळ, वाफ किंवा आत शिरलेले झुरळ यांतील फरक साध्या यंत्राला कळत नाही. सत्यनारायणाच्या पूजेतील धूपही त्याला पुरतो! असे वारंवार घडले, की वैतागलेले रहिवासी यंत्रणाच बंद करून ठेवतात. मग खऱ्या आगीच्या वेळी ती मुकी राहते.

घंटा वाजताच रखवालदाराने प्रथम नियंत्रण फलक पाहावा. इशारा कोणत्या भागातून आला, हे तेथे दिसते. अर्थात, फलक वाचायला त्याला कोणी शिकवलेले असायला हवे. तोवर रहिवाशांनी दारे ओढून घेऊन जिन्यानेच खाली यावे. लिफ्ट वापरू नये. धूर दिसताच १०१ क्रमांक फिरवावा.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादारांची आहे. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. प्रत्येक खोट्या घंटेची वेळ व मजला वहीत नोंदवला, तर सदोष यंत्र तपासणीत चटकन सापडते.